नावांची साक्ष

मराठवाड्यात पणजोबांस आज जी मागणी आली आहे, ती त्यांच्या हयातीत त्यांस खचितच नव्हती. मुदखेडास, अथवा तेथून पुढे भोकर, बिलोली, देगलूर ह्या बाजूस, ज्या घरांत आजोबांपलीकडचे नाव सांगताना वडील माणसास क्षणभर थांबून आठवावे लागे, त्या घरांतून आता चार-चार, पाच-पाच पिढ्यांची वंशावळ शपथपत्रावर लिहून दिली जाते. शाळेच्या प्रवेश-निर्गमाचे उतारे, खासरापत्रके, पाहणीपत्रके, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असा सारा जीर्ण कागद उजेडात आला आहे. कारण उघड आहे. जातीच्या दाखल्यासाठी कोठल्या वर्गास १९५०, कोठल्या वर्गास १९६१, तर कोठल्या वर्गास १९६७ हे साल कायद्याने उंबरठ्यासारखे ठरले असून, त्या उंबरठ्याच्या आतला कागद ज्याच्यापाशी निघेल त्याचा मार्ग सुकर होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामाच्या अमदानीतील दप्तरांतून कुणबी नोंदी हुडकण्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून तर मोडी वाचणाऱ्यास आणि जुनी उर्दू नोंद उलगडून सांगणाऱ्यास, जे दोघेही अडगळीत पडले होते, पुन्हा किंमत आली.

ह्या शोधाचे राजकीय फलित काय असावे हा वाद प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. आम्हांस येथे एक निराळा, आणि आमच्या समजुतीने अधिक जुना, प्रश्न पुसावयाचा आहे. मेलेल्या माणसास साक्षीस बोलावण्याचा जिवंताचा अधिकार कोठवर पोहोचतो? आणि ज्या नावाने आपण त्यास पुकारतो, ते नाव त्याचे होते काय?

नावाचाच विचार प्रथम करू. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी ‘कर’ आला, म्हणजे मूळ गाव सापडले असे आपण समजतो. परंतु मुदखेडात मुदखेडकर असावयाचे कारण काय? जेथे सारेच मुदखेडचे, तेथे त्या नावाने कोणाची ओळख पटणार? तोच गृहस्थ मुदखेडच्या जंक्शनावर गाडीत बसून हैदराबादेस गेला आणि तेथे बिऱ्हाड करून राहिला, म्हणजे नवे शेजारी त्यास मुदखेडकर म्हणू लागतात. तेव्हा हे आडनाव गावात राहिल्याचा दाखला नसून गाव सोडल्याचा दाखला आहे. पुढे चार पिढ्यांनी त्याचा वंशज मोठ्या उत्कंठेने मूळ गावी येतो, आणि त्या नावाचे एकही घर तेथे नाही असे पाहून खिन्न होतो. खिन्न होण्याचे वस्तुतः कारण नाही. त्याच्या पूर्वजास हे नाव परक्या मुलखात परक्यांनी दिले.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस तेलंगणाची सीमा लागते, आणि तेथील आडनावांत दोन शेवट वारंवार कानी पडतात: एक ‘वार’ आणि दुसरा ‘वाड’. तेलुगूत ‘वारु’ हे आदरार्थी सर्वनाम आहे, आणि ‘वाडु’ म्हणजे साधा ‘तो’, ज्यास अरेतुरे केले तरी चालते असा. ह्या दोन शब्दांचेच अवशेष त्या दोन शेवटांत राहिले असावेत असे आम्हांस वाटते. पेढीवरच्या कोमटी सावकाराच्या नावापुढे बहुधा ‘वार’ यावा आणि कष्टकऱ्याच्या नावापुढे पुष्कळदा ‘वाड’, ही गोष्ट केवळ योगायोगाची नसावी. हे तर्क खरे असतील तर केवढा विलक्षण प्रकार हा! कोणे एके काळी गावाने एकास ‘अहो’ म्हटले आणि दुसऱ्यास ‘अरे’, आणि तो उच्चनीच भाव, मूळ भाषा घरातून गेली तरी, आडनावाच्या शेवटच्या अक्षरात गोठून राहिला. मुले ते आडनाव शाळेच्या पटावर रोज उच्चारतात आणि त्यातला अपमान वा मान कोणाच्याही ध्यानी येत नाही.

वतनी नावांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही नावे कुळाची नसून कामाची. मराठवाड्यात मराठा देशमुख आहेत, ब्राह्मण देशमुख आहेत, मुसलमान देशमुखही आहेत. सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसुलाची व्यवस्था सरकारी अंमलदारांकडे घेतली, देशमुखांच्या हाती रुसुमाची रक्कम उरली. काम गेले तरी नाव राहिले. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, आणि नाना फडणीस मूळचे वेळासचे भानू. भट आणि भानू म्हणून त्यांस ओळखणारा आज विरळा. एकंदरीत आडनाव म्हणजे माणसाचा रंग नव्हे, त्याने त्या घटकेस पांघरलेले वस्त्र होय. आणि जे वस्त्र अंगावर असताना सरकारी कारकून दारात आला, तेच पुढे कातडी म्हणून वंशजांस चिकटले.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. सतराव्या शतकात फ्रान्सातून जे लोक समुद्रापार कानडात जाऊन वसले, त्यांच्यातही अशीच दुहेरी नावांची रीत होती. १६६५ साली तेथे कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण उतरली. तिच्यातील काही शे शिपाई पुढे जमिनी घेऊन तेथेच राहिले. फ्रेंच शिपायांस पलटणीत टोपणनाव असे: कोणी ‘लाफ्लर’ म्हणजे फूल, कोणी ‘सांसूसी’ म्हणजे निश्चिंत, कोणी ‘जोलिकर’ म्हणजे हसऱ्या मनाचा. नांगर हाती आला तरी ते नाव सुटले नाही. मूळ आडनाव आणि हे नाव ह्यांच्या मध्ये ‘दि’ हा शब्द घालून दोन्ही लिहीत. त्याचा अर्थ ‘म्हणवला जाणारा’. आपल्या ‘ऊर्फ’चा तो सख्खा भाऊ. पुढे एका भावाची मुले पहिले नाव चालवीत आणि दुसऱ्याची मुले दुसरे. दोनतीन पिढ्यांत एकाच रक्ताची माणसे परस्परांस परकी होत. तांग्वे नामक एका पाद्र्याने १८७१ ते १८९० ह्या काळात ह्या सर्व कुळांचा सात खंडांचा कोश रचला, तेव्हा त्याच्या कामाचा मोठा भाग हे दोन नावांचे धागे सोडवण्यात खर्च झाला असावा.

परंतु त्या लोकांची एक चाल अशी होती की, ती वाचून आपण क्षणभर थांबावे. तेथे स्त्रीचे लग्न झाले तरी चर्चच्या वहीत आणि सरकारी कागदांत तिचे माहेरचे आडनाव जन्मभर कायम राहत असे. व्यवहारात शेजारीपाजारी तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारोत. तिच्या लग्नाच्या, बाळंतपणाच्या आणि मरणाच्या नोंदीत ती आपल्या बापाची मुलगी म्हणूनच लिहिली जाई. १६६३ ते १६७३ ह्या दहा वर्षांत राजाच्या खर्चाने सुमारे ८०० मुली लग्नाकरिता फ्रान्सातून तिकडे पाठवल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळजणी अनाथ आणि निर्धन होत्या. त्यांच्या शेकडो नावांचा आज पत्ता लागतो, आणि लक्षावधी लोक आपण त्यांचे वंशज आहो असे अभिमानाने सांगतात. गरीब अनाथ मुलीचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले, आणि आपल्याकडच्या वाड्यातल्या सुनेचे शंभर वर्षेही टिकले नाही!

टिकणार कसे? तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहावयाचे, ही आपल्या घरोघरची हौशीची रीत. आडनाव तर जातेच. त्याबरोबर बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नावही जाते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आनंदीबाई जोशी, ज्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याही जन्मनावाने यमुनाच. दोन यमुना दोन घरांत गेल्या आणि दोन निराळ्या नावांनी इतिहासात उतरल्या. ह्या दोघींची मूळ नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण त्या थोर झाल्या. ज्या झाल्या नाहीत, त्यांच्याविषयी वंशावळीत दोन अक्षरे येतात: ‘पत्नी’. पुष्कळदा तीही येत नाहीत. पुण्याकोकणाकडील घराण्यांनी विसाव्या शतकात जे कुलवृत्तांत छापले, त्यांपैकी काहींत सुनांच्या माहेरची नावे काळजीने नोंदलेली आढळतात, हे त्या संपादकांस भूषणावह आहे; तथापि झाडाची फांदी पुढे फुटते ती मुलाच्याच नावाने.

येथे थोडे गणित केले पाहिजे. आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार. ह्या हिशेबाने दहाव्या पायरीवर १०२४ स्थाने होतात. आमच्या मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची चाल असल्यामुळे एकच माणूस दोन स्थानी बसतो आणि प्रत्यक्ष माणसे काहीशी कमी भरतात, हे खरे. तरी त्या हजारांत ज्याचे आडनाव आपण लावतो असा पुरुष एकच. बाकीच्यांचे रक्त आपल्या अंगात तितक्याच हक्काने वाहत असता, त्या एकास ‘मूळपुरुष’ म्हणून गादीवर बसवावयाचे आणि उरलेल्यांस दाराबाहेर ठेवावयाचे, ह्यास शोध म्हणावे की निवड?

आणि तो एक पुरुष तरी रक्ताचा असेलच असे नाही. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली शाहू छत्रपती झाला. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातले हे दोन श्रेष्ठ राजे, आणि दोघेही आपापल्या गादीस दत्तकाच्या वाटेने आले. राजघराण्याचे दत्तक इतिहासात लिहिले जातात. कुणब्याच्या घरचे दत्तक, पुतण्या वाढवलेला, मेहुण्याचा मुलगा मांडीवर घेतलेला, हे कोण लिहितो? ज्यांनी त्या मुलास पोटच्यासारखे वाढवले, त्यांस त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. लपवावेसे वाटते ते आपल्यास.

आता पाळण्यातल्या नावांकडे वळू. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत सर्वत्र आहे. विश्वनाथाचा बाळाजी, बाळाजीचा बाजीराव, बाजीरावाचा पुन्हा बाळाजी. संभाजी महाराजांनी १६८२ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव शिवाजी ठेवले, आणि तोच पुढे शाहू म्हणून प्रसिद्ध झाला. ह्या रीतीत मोठा गोडवा आहे, पण वंशावळ शोधणाराची ती परीक्षाच होय. निजामी कागदात बापाचे नाव ‘वल्द’ ह्या शब्दाने जोडीत. आता ‘मारोती वल्द गणपत’ अशी नोंद एका जुन्या कागदात सापडली, तर हा मारोती आजा की त्याचा नातू? दोघांचीही नावे तीच, बापांचीही तीच, शेतही तेच. साल पुसट असेल तर दोन पिढ्यांची चूक सहज होते. पुन्हा घरात सासऱ्याचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही, म्हणून सासऱ्याचे नाव धारण करणारे तिचेच मूल तिच्या तोंडी नाना, आबा, बापू किंवा भाऊ होई, आणि पुष्कळदा मरेपर्यंत तेच राही. गाव त्यास बापू म्हणून ओळखी, कागद मारोती म्हणून.

ज्या नावांस आपण अडाणी म्हणून हसतो त्यांचे मर्म तर ह्याहून खोल आहे. धोंडू, दगडू, केरबा, उकिरडा, भिकू, नथू. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलास असे नाव देत, म्हणजे मृत्यूची दृष्ट त्यावर पडू नये. कोणी मुलीसारखे त्याचे नाक टोचीत, कोणी त्यास दुसऱ्याच्या झोळीत टाकून भीक म्हणून परत मागून घेत. जुन्या पटावर ‘दगडू’ हे नाव दिसले, की त्याच्या वर न लिहिलेली दोन-तीन नावे वाचावी. ज्या माउलीने आपल्या लेकरास दगड म्हटले तिला ते लेकरू किती हवे होते! आणि उलट जी मुलगी नको होती तिचे नाव नकुसा. २०११ साली साताऱ्यास अशा २०० हून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. हा पट केवळ जात आणि साल पाहण्यासाठी उघडणाऱ्यास ह्यातले काहीच दिसत नाही. त्यास स्तंभ क्रमांक तेवढा हवा असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्ही तुच्छ मानीत नाही, की ही सारी पोट भरलेल्यांची तत्त्वचर्चा झाली. ज्याच्या मुलाची फी त्या दाखल्यावर अडली आहे, त्याने पणजोबाचा कागद काढला तर बिघडले काय? बिघडले काहीच नाही. बापाची जमीन मुलास मिळते, मग बापाचा कागद का मिळू नये? पूर्वज जर कोठे आपल्या उपयोगी पडण्यास राजी असेल, तर तो नातवंडाच्या शिक्षणासाठीच असेल. परंतु ह्या युक्तिवादातच एक गोष्ट दडलेली आहे. कागद कोणाचा असतो? शेताच्या नोंदीत नाव यावयाचे तर आधी शेत पाहिजे. शाळेच्या पटावर यावयाचे तर शाळेचे दार उघडे पाहिजे. ज्याच्या आज्यास ही दोन्ही नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर राबला आणि पालात मेला, त्याच्या नातवापाशी नेमका तोच पुरावा नसतो, ज्याची त्यास सर्वांहून अधिक गरज असते. वंचनेचा पुरावा मागावा आणि तो वंचिताच्या दप्तरात शोधावा, ह्यात काही न्याय आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि ज्यांस पूर्वजांनी दिलेले नाव नकोच होते त्यांचे काय? कोकणातील आंबडवे गावचे एक सकपाळ कुटुंब. त्यातील मुलगा शाळेत गावावरून आंबडवेकर झाला आणि पुढे आंबेडकर. ज्या समाजाच्या माणसांस कागदात नावानिशी उतरण्याऐवजी जातीने उतरावे लागले, त्याने नावे बदलली, देव बदलले, आणि १९५६ साली धर्मही बदलला. नाव टाकण्याचा हक्क हा नाव सांभाळण्याच्या हक्काइतकाच पवित्र आहे. परंतु दाखल्यासाठी आज त्याच माणसास टाकलेले नाव शोधून, धुऊन, शपथेवर पुन्हा अंगात घालावे लागते. ज्याने ते आनंदाने टाकले त्या आज्याची ही विटंबना नव्हे, असे म्हणणे कठीण आहे. नातवाकडे दुसरा उपाय नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या मते नीतीचा खरा प्रसंग शोध करताना येत नाही, शोध लागल्यावर येतो. दोन कागद सापडले. एकात जे लिहिले आहे ते सोयीचे, दुसऱ्यात लिहिलेले गैरसोयीचे. एकात पणजा जमीनदार, दुसऱ्यात तोच सालगडी. एकात आजी लग्नाची, दुसऱ्यात ती कोणाची कोण हे स्पष्ट नाही. पहिला कागद पुढे करावयाचा आणि दुसरा खाली सरकवावयाचा, हा मोह दाखल्यासाठी धडपडणाऱ्यासच होतो असे नाही. कुळाचा अभिमान छापणाऱ्या सुखवस्तू गृहस्थासही तो होतो, आणि त्याला तर गरजेची सबबही नसते. न्यायालयात साक्षीदारास उलटतपासणीत आपले म्हणणे सांगता येते. ह्या साक्षीदाराचे तोंड कायमचे मिटलेले आहे. म्हणूनच जो त्यास बोलावतो त्याच्यावर त्याचे सगळे बोलणे ऐकण्याची जबाबदारी येते.

ज्या घरांत श्राद्धपक्ष पाळला जातो तेथे हा संबंध निराळ्या रीतीने बांधलेला दिसतो. पिंड तिघांस: पिता, पितामह, प्रपितामह. नावगोत्र उच्चारून हाक मारावयाची ती तेवढ्यांसच. आणि पक्षातल्या श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही ह्यांचीही नावे घेतात, आईच्या वडिलांकडील तीन पिढ्यांचीही. चौथ्या पुरुषापासून पुढच्या तिघांस हातास लागलेला लेप पुसून द्यावयाचा. त्यांचे नाव उच्चारण्याची गरज नाही. नवा मनुष्य वारला, सपिंडीकरण झाले, की प्रपितामह आपल्या जागेवरून एक पायरी मागे सरतो. म्हणजे शास्त्रकारांनी स्मरणाबरोबर विस्मरणाचीही व्यवस्था करून ठेवली. आणि तर्पणाच्या अखेरीस ज्यांस कोणीच नाही, ज्यांचे नाव कोणासही ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. नांदेडच्या घाटावर गोदावरीत उभा राहून ती ओंजळ सोडणारा मनुष्य मृतांकडे काही मागत नसतो. तो कोण, कोठल्या जातीचा, त्याने काय कमावले, हेही विचारीत नसतो. ऋण आहे एवढेच त्यास माहीत असते. हा आचार सर्व जातींचा नाही, आणि त्यात स्त्री येते ती सासरच्याच नावाने. त्याचे मोठेपण आम्ही फुगवून सांगू इच्छीत नाही. परंतु वंशावळ आणि तर्पण ह्यांतला भेद लक्षात घेण्यासारखा आहे. एकीत आपण वर चढत जातो ते काही आणण्यासाठी, दुसऱ्यात हात पुढे होतो तो काही देण्यासाठी.

नोंदींच्या बाबतीत एक नवा पालट मात्र नमूद केला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरवला आहे. त्या तारखेनंतर मुदखेडच्या दवाखान्यात जन्मलेल्या मुलीचा शोध शंभर वर्षांनी कोणी घेतला, तर ‘वल्द’च्या जागी प्रथम तिच्या आईचे नाव त्याच्या दृष्टीस पडेल. ते नाव पाळण्यातले असेल की तांदळाच्या ताटातले, हे मात्र त्या नोंदीवरून त्यास कळणार नाही.